उत्तर तटावरची साक्ष

कणकवलीहून मुंबईच्या दिशेने निघालेला महामार्ग तळेऱ्यास पोचला म्हणजे पश्चिमेकडे एक फाटा फुटतो आणि तो पडेल, गिर्ये अशी गावे मागे टाकीत, कातळाच्या सड्यावरून उतरत विजयदुर्गाच्या बंदरापाशी जाऊन संपतो. वाघोटन खाडीच्या मुखाशी, तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेला हा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यांत सिंधुदुर्गाबरोबर याचेही नाव आहे. ती वार्ता आली तेव्हा आमच्या जिल्ह्यात आनंद झाला आणि तो उचितच होता. परंतु त्या आनंदाच्या भरात एक प्रश्न मागे राहून गेला, तो असा की, ज्या स्थळाचा आपण वारसा म्हणून सांभाळ करणार, त्या स्थळाच्या कथनात, तो किल्ला ज्या दिवसांत इंग्रजांच्या हाती पडला त्या 12 आणि 13 फेब्रुवारी 1756 या दोन दिवसांना काही स्थान देणार आहोत की नाही.

या प्रश्नावर कणकवलीतील दोन व्यक्तींमध्ये जो संवाद झाला तो येथे देत आहे. त्यांपैकी एक आहेत गुरुजी : इतिहास शिकवण्यात हयात घालवलेले, तारुण्यात अप्पासाहेब पटवर्धनांच्या गोपुरी आश्रमात वावरलेले, आणि ज्या गोष्टीत हिंसेचे कौतुक होण्याचा संभव आहे तिच्यापासून दूर राहावे असे मनापासून मानणारे. दुसऱ्या आहेत वकीलबाई : त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या, आता दिवाणी दाव्यांत मुरलेल्या. विजयदुर्गाचा उत्तर तट आणि त्याखालची खाडी ही युद्धभूमी म्हणून जतन व्हावी, अशा आशयाचा एक अर्ज त्यांनी तयार केला होता आणि त्यावर पहिली सही गुरुजींची असावी ही त्यांची इच्छा होती. गुरुजींनी अर्ज दोनदा वाचला आणि सही न करता परत दिला.

वकीलबाई : गुरुजी, अर्जात मी किल्ल्याची डागडुजी मागितलेली नाही, ते तर खात्याचे नित्यकर्तव्यच आहे. माझे मागणे इतकेच की, उत्तरेच्या तटावर, जिथून खाडीचे मुख आणि पैलतीरीचा राजापूर तालुक्याचा डोंगर एका नजरेत येतो, तिथे उभ्या राहणाऱ्या माणसाला कळावे की, इंग्रजांच्या ॲडमिरल वॉटसनची जहाजे दोन रांगा धरून कुठून आत शिरली, कुठे नांगर टाकून उभी राहिली, आंग्र्यांचे आरमार कोणत्या जागी जळाले, आणि क्लाइव्हने फौज उतरवून खुष्कीची वाट कशी रोखली. यात आपल्याला आक्षेपार्ह काय वाटले?

गुरुजी : बाय, अर्जाची भाषा निर्दोष आहे, तशी ती तुझ्या शाळेतल्या निबंधांतही असे. माझा आक्षेप भाषेला नाही, श्रद्धेला आहे. जागा माणसाला शिकवते अशी तुझी श्रद्धा आहे. मी नोकरीच्या काळात मुलांना किल्ल्यांवर नेले आहे आणि तिथे ती काय शिकतात हे जवळून पाहिले आहे. तोफेवर बसून छायाचित्र काढणे, घोषणा देणे, आणि ज्यांना मरून अडीचशे वर्षे झाली अशांच्या वैराचे वारस म्हणून स्वतःची नेमणूक करून घेणे, यापलीकडे फारसे काही त्यांच्या पदरी पडत नाही. दगड बोलत नाहीत. येणारा मनात जी भावना घेऊन येतो तीच अधिक तापवून परत नेतो. इतिहास हा वर्गात, ग्रंथांतून, शांत चित्ताने शिकायचा विषय आहे.

वकीलबाई : दगड बोलत नाहीत हे खरे, पण कोर्टात मुकी वस्तूही पुराव्यात दाखल होते. जमिनीच्या दाव्यात सात-बाराचा उतारा, खरेदीखत, मोजणीचा नकाशा असे सारे कागद हाताशी असले तरी प्रत्यक्ष जागेची पाहणी करावीच लागते, कारण बांध कुठे आहे आणि पाणी कोणत्या अंगाने वाहते हे कागदावरून पुरते उमगत नाही. विजयदुर्गाची लढाई मी पुस्तकात अनेकदा वाचली होती. परंतु तिन्ही तटबंद्या मजबूत असलेला किल्ला, ज्याच्यापुढून 1720 साली इंग्रज आणि 1724 साली डच हात हलवीत परत गेले, तो 1756 साली दोन दिवसांत कसा पडला, हे मला त्या उत्तर तटावर उभे राहिल्यावाचून कळले नव्हते.

गुरुजी : आणि तिथे उभे राहून काय कळले?

वकीलबाई : खाडी किती जवळ आहे ते. मोठी लढाऊ जहाजे आत येऊन तटाच्या इतक्या समीप उभी राहू शकतात, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. किल्ल्याचे सारे सामर्थ्य समुद्राकडे तोंड करून आहे असे आपण समजतो. मर्म मात्र खाडीच्या अंगाला होते, कारण आंग्र्यांचे आरमार त्याच तटाखाली आश्रयाला उभे होते.

गुरुजी : बरे, हे मान्य करू. पण तिथे जाणाऱ्या शंभरांतल्या किती जणांना हे कळते? त्यांना सांगितली जाते ती समुद्रातल्या भिंतीची गोष्ट. पाण्याखाली भिंत आहे, तिच्यावर आपटून शत्रूची जहाजे फुटली, ही कथा प्रत्येक सहलीला ऐकवली जाते आणि मुले टाळ्या वाजवतात. ज्या फेब्रुवारीत शत्रूची जहाजे न फुटता सुखरूप आत आली आणि आपलीच जळाली, तो फेब्रुवारी कुणी सांगत नाही. आता हेलियमचे घे. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर नावाच्या शास्त्रज्ञाने विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला असे आपण अभिमानाने सांगतो, किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे दाखवतो, आणि दरवर्षी त्या तारखेला समारंभ करतो. त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडात होता. हिंदुस्थानात येऊन ज्याने ते ग्रहण पाहिले तो जान्सेन हा फ्रेंच, आणि तो होता आंध्रातल्या गुंटूरला. लॉकियर विजयदुर्गावर आला हे खरे, पण ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी, म्हणजे शोधानंतर तीस वर्षांनी. दोन ग्रहणांची सरमिसळ होऊन एक आख्यायिका झाली आणि जागेने ती निमूटपणे पोटात घेतली. जी जागा कोणतीही गोष्ट पोटात घेते, तिला तू साक्षीदार म्हणतेस?

वकीलबाई : गुरुजी, आपण जो दोष जागेच्या माथी मारता तो जागेचा नव्हे, तिला निराधार सोडणाऱ्यांचा आहे. पंचनामा केला नाही, मुद्देमालाला मोहोर लावली नाही, तर त्यात कुणीही काहीही मिसळणारच. 1898 ची ती गोष्ट तरी काय कमी आहे? खग्रास ग्रहणासाठी सातासमुद्रांपलीकडून आलेल्या शास्त्रज्ञांनी आपल्या किल्ल्यावर दुर्बिणी मांडल्या, ही खरी हकीकत मुलांना सांगितली तर त्यांचे कुतूहल उणावेल असे मला वाटत नाही. म्हणून तर अर्ज हवा. आख्यायिकेच्या जागी दस्तऐवज ठेवला पाहिजे, आणि तो त्याच ठिकाणी ठेवला पाहिजे जिथे आख्यायिका सांगितली जाते.

येथे एक गोष्ट मला माझ्या वतीने नमूद करावीशी वाटते. पराभवाची स्थळे जतन करण्याची चाल आपल्याकडे क्षीण आहे. पुण्याजवळ खडकीच्या ज्या मैदानावर 5 नोव्हेंबर 1817 रोजी पेशवाईच्या भवितव्याचा निकाल लागण्यास आरंभ झाला, त्या गणेशखिंडीच्या परिसरात आज विद्यापीठ आहे, रस्ते आहेत, वसाहती आहेत, आणि तिथून नित्य जाणाऱ्या सहस्रावधी लोकांतून बापू गोखल्यांचे घोडेस्वार कोणत्या दिशेने चालून गेले हे सांगू शकणारा विरळा. विजयदुर्गाची गोष्ट निराळी आहे, कारण तिथली खाडी बुजलेली नाही, तट उभा आहे, आणि भरती-ओहोटीचे मार्गही बहुतांशी तेच आहेत. म्हणजे रणभूमी शाबूत आहे, लोप पावले आहे ते तिचे कथन. या कारणाने या वादात माझा कल आरंभापासून वकीलबाईंकडे होता. परंतु गुरुजींनी पुढे जे म्हटले त्याने तो कल डळमळला, हे येथेच सांगून ठेवतो.

गुरुजी : युरोप-अमेरिकेत अशी उद्याने आहेत, हेही तू अर्जात लिहिले आहेस.

वकीलबाई : होय. कॅनडातले क्वेबेकचे उदाहरण मी मुद्दाम घेतले, कारण ती लढाई 13 सप्टेंबर 1759 ची, म्हणजे विजयदुर्गानंतर अवघ्या साडेतीन वर्षांची, आणि तिथेही इंग्रज आरमार आणि उतरवलेली फौज असाच मेळ होता. इंग्रजांचा सेनापती वुल्फ आणि फ्रेंचांचा माँकाम दोघेही त्या लढाईत कामास आले. 1908 साली ते पठार कायद्याने युद्धभूमी-उद्यान म्हणून राखले गेले. आज लोक तिथे फिरायला जातात, मुले खेळतात, आणि लढाईचा अभ्यासही करतात. त्याच शहरात वुल्फ आणि माँकाम या दोघांचा मिळून एक सामाईक स्मारकस्तंभही आहे. त्या स्तंभापुरता तरी जेता आणि जित असा भेद केला नाही.

गुरुजी : आणि त्याच पठारावर, लढाईला अडीचशे वर्षे झाली म्हणून 2009 साली तिचा देखावा उभा करण्याचा बेत झाला, तेव्हा फ्रेंच भाषिकांनी त्याला इतका तीव्र विरोध केला की तो रद्द करावा लागला. अडीचशे वर्षांनीसुद्धा! उद्यान केल्याने जखम भरते असे तुला म्हणता येणार नाही.

वकीलबाई : मी तसे म्हणतच नाही. देखावा रद्द झाला, उद्यान राहिले. मला हाच विवेक हवा आहे. तोफांचे बार आणि तलवारींचा खणखणाट मला नको. 12 फेब्रुवारीला काय घडले एवढेच सांगायचे आहे.

गुरुजी : मग सांग. मी तटावर आलेला, काहीही ठाऊक नसलेला माणूस आहे असे समज.

वकीलबाई : कान्होजी आंग्र्यांचे चिरंजीव तुळाजी यांच्याकडे विजयदुर्ग होता, आणि पेशवे व तुळाजी यांच्यात वितुष्ट आले होते. मार्च 1755 मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या वतीने सरसुभेदार रामाजी महादेव यांनी मुंबईच्या इंग्रजांशी तह केला की, दोघांनी मिळून तुळाजीचा पाडाव करावा. एप्रिलात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढल्या वर्षी फेब्रुवारीत वॉटसन केंट या जहाजावर निशाण लावून, दुसरा दर्यासारंग पोकॉक याला कंबरलंडवर घेऊन, मुंबईहून निघाला. फौजेचा मुख्य क्लाइव्ह. जमिनीच्या बाजूने मराठी फौज आधीच येऊन बसली होती. तुळाजी किल्ला आप्तांच्या हवाली करून बोलणी करण्यासाठी मराठ्यांच्या छावणीत गेले होते. 12 तारखेला जहाजे खाडीत शिरली आणि तोफा सुरू झाल्या. तिसऱ्या प्रहरी एक कुलपी गोळा रेस्टोरेशन या जहाजावर पडला. हे जहाज तुळाजींनीच काही वर्षांपूर्वी इंग्रजांकडून जिंकून आणलेले. ते पेटले, त्याची आग एकमेकांना बांधून ठेवलेल्या गुराबांना, म्हणजे लढाऊ गलबतांना, लागली, आणि कान्होजींच्या काळापासून ज्या आरमाराने किनाऱ्यावर सत्ता गाजवली ते एका संध्याकाळी तटाखालीच भस्मसात झाले. क्लाइव्हने फौज उतरवली ती किल्ला आणि मराठी छावणी यांच्या मधोमध, म्हणजे मित्र म्हणवणाऱ्या मराठ्यांनाच आत जाता येऊ नये म्हणून. 13 तारखेला किल्ला पडला. सुमारे दहा लाखांचा ऐवज मिळाला, आणि त्यात मराठ्यांना वाटा द्यायचा नाही हे इंग्रजांनी मुंबईतून निघण्यापूर्वीच आपसांत ठरवले होते. त्यानंतर ऑक्टोबरात नवा तह होऊन बाणकोट व काही गावे इंग्रजांकडे आणि विजयदुर्ग पेशव्यांकडे, अशी तडजोड झाली. तोवर वॉटसन आणि क्लाइव्ह पुढच्या कामगिरीवर गेलेही होते. 23 जून 1757 रोजी प्लासीची लढाई झाली, म्हणजे विजयदुर्गानंतर सोळा महिन्यांनी, तोच क्लाइव्ह सेनापती असताना.

गुरुजी : उत्तम सांगितलेस. आता माझे खरे भय ऐक. तू हे सारे तटावर कोरून ठेवलेस, तर वाचणारा पहिला प्रश्न विचारील तो असा : दोष कुणाचा? आणि आजच्या दिवसांत या प्रश्नाचे उत्तर इतिहासातून शोधले जाणार नाही, जातीतून शोधले जाईल. एक म्हणेल, पुण्याच्या ब्राह्मण पेशव्याने स्वकीयांचे आरमार परक्याकडून जाळवले. दुसरा म्हणेल, तुळाजीने पेशव्यांचा आणि सावंतवाडीच्या सावंतांचा मुलूख लुटला, ज्याला त्याला उपद्रव दिला, मग त्याला शासन झाले तर बिघडले काय. दोघांच्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे आणि दोघेही त्या अंशाची काठी करतील. मी गोपुरीत जे शिकलो ते हे की, गावातली घाण दिसू नये म्हणून झाकून ठेवणे वाईट, पण ती उचलण्याची तयारी नसताना नुसती उघडी करणे त्याहून वाईट. ती उचलायची तुझी तयारी आहे काय?

या प्रश्नापाशी वकीलबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. माझ्या मते हा प्रश्न साऱ्या वादाचा गाभा आहे, आणि युद्धभूमी जतन करा असे म्हणणारा जो कोणी याचे उत्तर न देता पुढे जातो, तो दगडांचे रक्षण करतो आणि माणसांना वाऱ्यावर सोडतो.

वकीलबाई : आहे, गुरुजी, पण एका फलकाने ते होणार नाही हे मला आपण आज दाखवून दिलेत. तरीही मौन हा उपाय नव्हे. कोरेगाव भीमा पाहा. 1 जानेवारी 1818 च्या लढाईचा तो स्तंभ ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या विजयासाठी उभारला. पुढे त्यावरच्या महार शिपायांच्या नावांत एका समाजाने आपला पराक्रम ओळखला. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि साम्राज्याच्या जयस्तंभाला मानवी प्रतिष्ठेचा अर्थ आला. तो अर्थ कुणी वरून दिला नाही, ज्यांचे पूर्वज तिथे लढले त्यांनी तो वाचून काढला. जागा नसती तर काय वाचले असते? विजयदुर्गावरही आंग्र्यांच्या आरमारात भंडारी, कोळी, गाबित, मराठा, मुसलमान असे खलाशी होते. त्यांचे वंशज आजही याच किनाऱ्यावर होड्या हाकतात. दोष पेशव्यांचा की तुळाजींचा, या भांडणात त्या खलाशांची कुणाला आठवण होत नाही. जे जळाले ते त्यांचे होते.

गुरुजी : हे तुझ्या अर्जात नाही.

वकीलबाई : नाही.

गुरुजी : मग ते आधी घाल. आणि मार्च 1755 चा तहनामा सबंध द्यायचा, त्यातली सोयीची कलमे नव्हेत. त्याच्या शेजारी तुळाजीविषयीच्या तक्रारी. त्याच्या शेजारी लुटीच्या वाटणीचा इंग्रजांचा ठराव. तिन्ही कागद एकाच आकाराचे, एकाच उंचीवर. तुळाजीचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले, तेही लिहायचे. आणि पुढे याच बंदरातून आनंदराव धुळपांनी 1783 साली इंग्रजांचे रेंजर जहाज पाडाव केले, म्हणजे 1756 साली आरमार जळाले तरी दर्यावर्दी माणसे संपली नव्हती, हे लिहायला विसरू नकोस; नाहीतर मुले रडकी होऊन परत येतील, आणि रडक्या मुलाला चिडवून देणे फार सोपे असते.

वकीलबाई : म्हणजे आपण सही करणार?

गुरुजी : अर्ज पुन्हा लिहून आण, मग पाहू. पण एक अट आत्ताच सांगतो, ती खात्यासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. तू शाळेची सहल नेणार हे मला ठाऊक आहे. ती नववीची ने. फेब्रुवारीत दहावीच्या मुलांच्या मानेवर परीक्षा असते, त्यांचे लक्ष लागणार नाही. जाण्यापूर्वी तहनामा वर्गात वाचून घ्यायचा, तो मी वाचीन. आणि थेट किल्ल्यावर न्यायचे नाही. खाडीच्या अंगाने जा आणि प्रथम कातळात खोदलेली आंग्र्यांची गोदी दाखव, जिथे जहाजे दुरुस्तीला चढवीत. जहाज बांधायला किती लाकूड, किती सुतार, किती लोहार आणि किती महिने लागत असतील याचा हिशेब त्यांनी तिथे बसून, वहीत, स्वतः मांडायचा. तो मांडून झाल्यावर त्यांना उत्तर तटावर चढव.

वकीलबाई : खारेपाटणाहून होडीने नेता आले तर?

गुरुजी : ओहोटीची वेळ विचारून घे म्हणजे झाले. आणि बाय, घाटावर कुणी भिंतीची गोष्ट सांगू लागला तर त्या माणसाला मध्येच थांबवू नकोस. त्याचे संपू दे, आणि मग त्यालाही बरोबर तटावर बोलाव.